सेप्टानं बोट उचललं नाही

सेप्टा लॅव्हेलनं एकतीस वर्षं पावाची गाडी चालवली. पहाटे बेकरीतून निघायचं, वेस्टपोर्टवरून खाली लीनान, तिथून क्लिफ्डन, मग समुद्राच्या कडेकडेनं राउंडस्टोन, आणि रिकामे ट्रे खडखडवत परत. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, कॉनेमाराच्या त्या रस्त्यांना सरळ जाणं ठाऊकच नाही. एक वळण संपायच्या आत दुसरं सुरू. पण कुठल्या वळणावर मेंढ्या बसलेल्या असतात, कुठल्या पुलावर आपण थांबून समोरच्याला येऊ द्यायचं, कुठल्या दुकानदाराचा कुत्रा चाकाला चावायला धावतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. सुरुवातीला लोक पाव घ्यायला नाही, बाई एवढी मोठी गाडी मागे कशी घेते ते बघायला यायचे. ती एका दमात गाडी मागे घ्यायची आणि वर विचारायची, "झालं का बघून? किती पाव देऊ?"

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पण बाई कधी कुणाच्या दारात दीनवाणी उभी राहिली नाही. निवृत्त झाली तेव्हा चौघी मैत्रिणींनी तिला गळ घातली, तू चालव, आम्ही बसतो. तेव्हापासून दर सप्टेंबरात चार दिवस नऊ जणांची गाडी भाड्यानं घ्यायची, कुठेतरी समुद्राकाठी चूलभांडी असलेलं घर घ्यायचं आणि पाच जणींनी हुंदडून यायचं, असा शिरस्ता पडला. चौदा वर्षं झाली. गाडीच्या फॉर्मवर 'चालक' म्हणून एकच नाव. यंदाही तेच लिहायचं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

जूनमध्ये कॅसलबारच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय, तो वाढणार, कमी होणार नाही. कडेचं दिसत राहील, समोरचं जात जाईल. गाडी आजपासून बंद, आणि परवान्याच्या ऑफिसला तुम्ही स्वतः कळवायचं. सेप्टानं मान डोलावली, कागद पर्समध्ये घातला, बाहेर आली आणि स्वतः गाडी चालवत घरी आली.

आता माझं मत विचाराल तर चूक ती चूकच. पण ज्यांच्या दारावरून दर तासाला बस जाते त्यांनी तिला नावं ठेवायला जाऊ नये. तिचं घर नेफिन डोंगराच्या पायथ्याशी, दलदलीतून जाणाऱ्या रस्त्यावर, ग्लेनकारा गावापासून चार मैल आत. गाडी नाही म्हणजे दुकान नाही, चर्च नाही, डिम्फनाकडचा चहा नाही. खिडकीत बसून मेंढ्या मोजायच्या. ते तिला मरणाहून वाईट वाटत होतं, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. गावाचा रस्ता तिच्या हाडात मुरलेला होता. डाव्या कडेचं कुंपण दिसत होतं, त्याच्या अंदाजानं ती चालवत होती.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी दुपारी चौघी तिच्या स्वयंपाकघरात बेत ठरवायला जमल्या. सोड्याचा पाव, लोणी, हॅम, रुबार्बचा टार्ट, सगळं टेबलावर होतं. डिम्फना किल्कॉइन म्हणजे गावातली केस कापणारी, तोंडाला कधी कुलूप नाही. गोरेटी रुआन तिच्या अगदी उलट, दहा वाक्यांनंतर एक बोलेल. आणि दोघी हेनेगन बहिणी, ज्या विणत बसतात आणि जो शेवटचं बोलेल त्याला 'बरोबर आहे' म्हणतात.

"यंदा क्लेअर!" डिम्फनानं नकाशा पसरला. "लूप हेड. माझी जाऊ जाऊन आली, सहा महिने झाले, कान किटले माझे. मला एकदा जाऊन तिचं तोंड बंद करायचंय."

"यंदा राउंडस्टोन," सेप्टा म्हणाली.

"अगं, राउंडस्टोन गेल्या वर्षी झालं. त्याच्या मागच्या वर्षी झालं. तिथले मासे आता मला नावानं ओळखतात!"

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं? काय पुरून ठेवलंयस का तिकडे?"

"क्लेअरचा रस्ता मला ठाऊक नाही," सेप्टा म्हणाली. एवढं मात्र खरं बोलली.

"ऐका हो ऐका! एकतीस वर्षं गाडी चालवली हिनं आणि म्हणे रस्ता ठाऊक नाही. पाट्या लावल्यात सरकारनं, त्या काय शोभेला?"

पाट्याच तर वाचता येत नव्हत्या. सेप्टा उठली आणि चहाची किटली घेऊन फिरायला लागली. आणखीही अटी होत्या तिच्याकडे. दहाच्या आत निघायचं नाही. चारच्या आत मुक्कामाला पोचायचं. सप्टेंबरातलं तिरपं ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून पश्चिमेला जाणं सकाळीच. जेवायला बाहेर जायचं नाही, घरीच रांधायचं.

"ही सहल आहे की मठातली शिस्त?" डिम्फनानं कपाळावर हात मारला. "तीन वर्षांमागं हीच बाई क्लिफ्डनहून पाऊस झोडपत असताना गाणी म्हणत गाडी हाकत होती!"

"बरोबर आहे," थोरली हेनेगन म्हणाली.

"वय झालं माझं," सेप्टा म्हणाली.

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली.

सेप्टा गोरेटीच्या कपात चहा ओतायला वाकली तेव्हा धार कपाच्या कडेवरून बशीत आणि बशीतून टेबलावरच्या कापडावर गेली. गोरेटीनं आवाज न करता कप दोन बोटं सरकवून धारेखाली आणला. मग हलकेच म्हणाली, "माझं यंदा अवघडच दिसतंय गं सेप्टा. गुडघा फार धरतो. तुम्ही चौघी जा."

सेप्टाला ते लागलं. जूनपासून गोरेटी चर्चमधून तिच्या गाडीत बसत नव्हती. म्हणे चालून बरं वाटतं. दोन मैल चालणाऱ्या बाईचा गुडघा चार दिवस गाडीत बसायलाच बरा धरतो! चौदा वर्षं एका गाडीत हिंडलो, आणि आता आपली संगत नकोशी झाली हिला, असं तिच्या मनात आलं. खरं काय ते तिच्या डोक्यातही आलं नाही. किंवा आलं असेल आणि तिनं आत घेतलं नसेल.

इतक्यात मागच्या दारावर टकटक झाली आणि फेस्टी गॉहन नव्या बटाट्यांचं पोतं खांद्यावर घेऊन आत आला. फेस्टी तिचा शेजारी. मेंढ्या पाळतो, एकटा राहतो, बोलायचं म्हटलं की त्याचे कान लाल होतात. चाळीस वर्षं तिचं पीटचं, म्हणजे दलदलीतून कापलेल्या मातीच्या विटांचं, जळण तोच वाळवून आणून रचतो. पाहुण्या बायका बघून तो दारातच अडखळला. पण मनाशी पाठ करून आलेला माणूस, मागे फिरला असता तर पुन्हा धीर झाला नसता.

"सेप्टा," तो म्हणाला, "चौघींच्या देखत विचारतो. माझं काय चुकलं?"

"चुकलं? कशात?"

"मे महिन्यापासून तू मला बोट उचललं नाहीस."

विणण्याच्या सुया थांबल्या. आमच्याकडे समोरून गाडी आली की हात स्टिअरिंगवर ठेवूनच एक बोट वर उचलायचं, ओळखीचा असो वा परका. परक्यानं नाही उचललं तर तो शहरातला म्हणून सोडून देतात. शेजाऱ्यानं नाही उचललं तर ते भांडण. फाटकावरून बिनसलेले दोन सख्खे भाऊ आमच्या गावात अकरा वर्षं बोट न उचलता एकमेकांसमोरून जात होते. एक गेला तेव्हा दुसऱ्यानं शवपेटीला बोट उचललं आणि हंबरडा फोडला.

"तळ्याच्या वळणावर तीनदा मी बोट उचललं," फेस्टी सांगत होता, "तू सरळ माझ्याकडे बघत होतीस आणि दगडासारखी निघून गेलीस. म्हटलं, असेल काही विचारात. पण गेल्या गुरुवारी तर कहर झाला. कावळ्यांसाठी मी फाटकाच्या खांबाला खताची रिकामी पिशवी बांधलीय. मी शेजारी गवतात बसलो होतो. तू आलीस, आणि पिशवीला बोट उचललंस! वर मान पण डोलावलीस! मला नाही, माझ्या पिशवीला! अगं, एवढा अपमान तर माझ्या बापाचा इंग्रजांनीही केला नसेल."

डिम्फनाला हसू आवरेना. ती टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली, हेनेगन बहिणीही खुदखुदल्या. "पिशवीला! देवा रे, पिशवीला!" गोरेटी तेवढी हसली नाही. ती सेप्टाकडे बघत होती.

दोनच वाटा होत्या. मला दिसलं नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न काय येणार ते शेंबडं पोरही सांगेल. नाही तर भांडण आहे म्हणावं. भांडण हे आमच्याकडे इभ्रतीचं कारण. भांडणाला कुणी डॉक्टरकडे पाठवत नाही.

"कळलं ना तुला?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मग मुद्दामच केलं. तुझा तो मेंढा वसंतात माझं कुंपण मोडून आत आला, कोबी खाल्ला, वाफे तुडवले. एका शब्दानं आलास का सांगायला?"

"आलो होतो," फेस्टी म्हणाला. "त्याच दिवशी. तू म्हणालीस, कोबी मला आवडतच नाही, खाऊ दे त्याला."

"तोंडानं म्हणाले."

फेस्टीनं खांद्यावरचं पोतं दाराशी उतरवलं. टोपी हातात घेऊन त्यानं तिची कड दोनदा चाचपली. "बरं," तो म्हणाला. "मला कळायला हवं होतं." बटाटे तिथेच सोडून तो गेला. जाताना दार हळू ओढून घेतलं.

"काय गं हे?" डिम्फनाचं हसणं विरलं होतं. "एवढ्याशा कोबीसाठी? फेस्टीला? जो माशी मारायची झाली तरी आधी तिची माफी मागेल त्या माणसाला?"

"तू मध्ये पडू नकोस," सेप्टा तिच्यावर खेकसली. "राउंडस्टोन ठरलं. फॉर्म आण इकडे."

डिम्फनानं फॉर्म पुढे केला आणि कुठे लिहायचं ते बोट ठेवून दाखवलं. सेप्टानं 'चालक' समोर नाव लिहिलं. ते रेघेच्या वर गेलं की खाली, हे तिला दिसलं नाही.

ते आठवडाभर तिचं कशात मन लागेना. बुधवारी, गुरुवारी कुंपणाकडून ठोकण्याचा आवाज येत होता. फेस्टी नवे खांब रोवत होता. ती खिडकीशी उभी राहून ऐके आणि चहा ओतून घेऊन प्यायचा विसरे. त्याच्याशी बोलावं, असं शंभरदा मनात आलं. पण बोलायचं म्हणजे सगळंच बोलायचं. म्हटलं, सहल होऊ दे. चार दिवस नीट जाऊ देत, मग बघू. राउंडस्टोनचा रस्ता तिनं रोज अंथरुणात पडल्या पडल्या मनातल्या मनात चालवून बघितला. लीनानच्या पुढे एक जागा होती, जिथे खाली सरळ पाणी. तिथे कठडा डाव्या हाताला होता की उजव्या, हे एके सकाळी तिला आठवेना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मागे तिघी बसलेल्या असणार, डिम्फना गाणं म्हणत असणार.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर डिम्फना तिच्या कानाला लागली. "समाधान झालं का तुझं? फेस्टीनं मेंढा विकला."

"कुठला मेंढा?"

"किती मेंढे आहेत त्याच्याकडे? तोच. काळ्या तोंडाचा, दोनदा बक्षीस मिळालेला. काल बॅलिनाच्या बाजारात नेला. माझा नवरा तिथेच होता. म्हणाला, दोरी दुसऱ्याच्या हातात देताना फेस्टी त्याच्याशी बोलत होता, माणसाशी बोलावं तसा. लोकांनी विचारलं, का विकतोस बाबा? तर म्हणे, शेजारधर्म आहे."

सेप्टानं पायरीचा कठडा धरला. तो मेंढा फेस्टीनं बाटलीनं दूध पाजून वाढवला होता, स्वयंपाकघरात, चुलीशेजारी. तिनंच त्याला जुना स्वेटर दिला होता गुंडाळायला. आपण काय करून बसलो! डोळे गेले ते गेले, अक्कलही गेली का? तिला रडू आलं, आणि ते लपवायला ती तरातरा गाडीकडे निघाली.

घरी न जाता ती थेट फेस्टीच्या वाटेला वळली. सगळं सांगून टाकायचं ठरलं होतं तिचं. वाट एका गाडीपुरती, मधोमध गवत वाढलेलं, दोन्हीकडे फ्यूशियाची झुडपं, लाल फुलांनी वाकलेली. ती सावकाशच चालवत होती. फाटक जवळ आलं तसा खांबाशी एक पांढुरका आकार दिसला. मधोमध डाग, आणि डागाच्या कडेनं काहीतरी हलणारं, वर उठणारं. ही बघा पिशवी, ती स्वतःशीच म्हणाली. या वेळी नाही हो फसणार. आणि बोट न उचलता ती पुढे गेली.

खाडकन आवाज झाला. आरसा वाकडा झाला, बादली गडगडत गेली, आणि माणसाचं ओरडणं ऐकू आलं.

तिनं ब्रेक दाबला. दार उघडून ती कडेकडेनं, गाडीला धरून मागे आली. फेस्टी नाल्यात कमरेपर्यंत उभा होता. पिशवी त्यानं त्याच मंगळवारी काढून टाकली होती, तिचा राग नको म्हणून. अंगात चर्चचा पांढरा शर्ट होता. मेंढ्यांना पाणी घेऊन तो फाटकाशी आला होता, आणि तिची गाडी बघून त्यानं बोट उचललं होतं.

"सेप्टा लॅव्हेल," तो धापा टाकत म्हणाला, "मेंढा विकला मी तुझ्यासाठी. आता माझा जीवच घ्यायचा असेल तर खाली उतरून हातानं घे. गाडी कशाला घालतेस अंगावर?"

"लागलं का तुला? फेस्टी, लागलं का रे? मी बघितलं नाही तुला!"

"ठाऊक आहे ते. मे महिन्यापासून तू माझ्याकडे बघितलेलं नाहीस."

"तसं नव्हे रे!" ती ओरडली. "बघत नाही असं नाही. मला दिसत नाही! दिसतच नाही, फेस्टी! तू दिसत नाहीस, पिशवी दिसत नाही, आता तू कुठे उभा आहेस तेही आवाजावरून कळतंय मला!"

आणि बाई तिथेच गवतात बसली. जूनपासून गिळलेलं सगळं बाहेर आलं. डॉक्टरीणबाई, कागद, राउंडस्टोन, गोरेटी, कोबी. फेस्टी नाल्यातून वर आला, शर्ट चिखलानं माखलेला, आणि तिच्या शेजारी बसला. त्याचं मनगट खरचटलं होतं, ते त्यानं पाठीमागे धरलं.

मग तो म्हणाला, "म्हणजे तू माझ्यावर रागावली नव्हतीस."

"नाही रे बाबा. कधीच नव्हते."

"मेंढा उगाच गेला म्हणजे."

"उगाच गेला."

त्यानं मान हलवली. रागवावं तर समोर ही अवस्था. "किल्ली दे," तो म्हणाला.

तिनं ती मुठीत धरून ठेवली होती. एकेक बोट उघडावं लागलं तिला. त्यानं किल्ली घेतली आणि तिला दुसऱ्या बाजूनं आत बसवलं. स्वतःच्या गाडीत त्या जागेवर ती पहिल्यांदाच बसत होती. पायाशी अंड्यांचे रिकामे ट्रे होते, ते मांडीवर घेऊन बसली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर समोरून इंजिनाचा आवाज आला आणि गेला.

"कोण होतं?" तिनं विचारलं.

"डिम्फनाचा नवरा. बोट उचललं त्यानं, तुला पण."

तिनं मांडीवरच्या ट्रेवरून एक बोट उचललं. गाडी तोवर वळणापलीकडे गेली होती. फेस्टी रस्त्याकडे बघत राहिला.

घरी आल्यावर त्यानं किटली ठेवली आणि तिनं फोन जवळ ओढला. डिम्फनाचा नंबर बोटांना पाठ होता.

"डिम्फना, तो फॉर्म अजून दिला नाहीस ना? फाडून टाक. नवीन आण आणि चालक म्हणून तुझं नाव घाल."

"माझं? अगं, मी स्वतःच्या फाटकाचे दोन्ही खांब घासलेत!"

"खांब घास, पण बायकांना परत आण. आणि गोरेटीला सांग, सेप्टा चालवत नाहीये. एवढंच सांग. तिचा गुडघा बरा होईल."

पलीकडे डिम्फना गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदा असेल. मग जरा वेळानं, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "सेप्टा... बरं, राउंडस्टोनच ठेवते मग. तुझ्या आवडीचं."

"नको," सेप्टा म्हणाली. "तुझ्या क्लेअरला जाऊ. लूप हेडला."

"पण तू तर म्हणालीस, तो रस्ता तुला ठाऊक नाही."

"आता मला ठाऊक असून काय करायचंय?" सेप्टा म्हणाली, आणि रिसीव्हर जागेवर ठेवायला हातानं चाचपू लागली. फेस्टीनं तो तिच्या हातातून घेऊन ठेवला.